ओसरीवरची घरघंटी

मला मदत केली ती आमच्या सर्व्हिस खात्याच्या मॅडमनी. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढची हकीगत सांगताना मी स्वतःबद्दलच जास्त बोलेन आणि त्या बाजूला राहतील. त्या काळात त्या पुण्यात आपल्या दोन खोल्यांच्या घरात बसून काम करत होत्या आणि मी गावी, मेडशीला, आमच्या ओसरीवर. टाळेबंदीच्या सगळ्या महिन्यांत आमची गाठ एकदाही पडली नाही. जे झालं ते फोनवर झालं.

मी घरघंट्या बनवणाऱ्या कंपनीत जोडणीच्या लाइनीवर होतो. मोटर बसवायची, जाळी बसवायची, दार घासत नाही ना ते बघायचं, पुढं ढकलायचं. शाळा मी आठवीत सोडली. लोक कारण विचारतात, पण सांगण्यासारखं कारण नाही. सोयाबीन सोंगायच्या, म्हणजे कापणीच्या, दिवसांत पंधरा दिवस गेलो नाही. नंतर गेलो तर गणितात सगळे पुढं निघून गेले होते. मग जायची लाज वाटायला लागली. एवढंच. वडील त्याआधीच वारले होते, घरात आई आणि मी. पुढं गावातला एक जण पुण्याला जात होता, त्याच्याबरोबर मीही गेलो.

टाळेबंदी लागली तेव्हा आम्ही आठ जण भाजीच्या रिकाम्या गाडीतून गावाकडं निघालो. गावानं आम्हाला घरी जाऊ दिलं नाही, चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं. मला सातवीचा वर्ग मिळाला. आई फाटकापाशी डबा ठेवून मागं सरकायची आणि लांबूनच विचारायची, "खोकला त नाई नं?" मी नाही म्हटलं तरी तिचा विश्वास बसायचा नाही. मी खोकला दाबतो की काय, म्हणून ती थोडा वेळ उभी राहून बघायची.

तिथंच कंपनीचा निरोप आला. लाइन बंद आहे, ज्यांचं काम घरून होण्यासारखं नाही त्यांनी पुढच्या सूचनेपर्यंत थांबावं, तोवर पगार नाही. खाली नावांची यादी होती. माझं नाव शोधायला मला वेळ लागला, पण ते होतं. आईची मजुरी बंद होती. घरात येणारा पगार तो माझाच.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला. तोवर मी त्यांच्याशी दोनदाच बोललो असेन, तेही मान खाली घालून. त्यांनी सांगितलं ते असं. शहरातल्या चक्क्या बंद पडल्यात. लोकांच्या घरात कोपऱ्यात पडून असलेल्या घरघंट्या एकदम सुरू झाल्यात आणि त्याच वेगानं बंद पडतायत. कारागीर कुणाच्या घरी जाऊ शकत नाही. फोनवरच्या मुली कागदावर लिहिलेलं वाचून सांगतात, पण त्यांनी मशीन कधी उघडलेलं नाही. म्हणून लाइनीवरच्या पाच जणांना फोनवर बसवायचं ठरलंय. जून संपेपर्यंत बघायचं. मग मोठे साहेब ठरवतील, कुणाला ठेवायचं आणि कुणाचं नाव परत त्या यादीत घालायचं.

"तू बोलशील का फोनवर?"

"काय बोलायचं, मॅडम?"

"लाइनीवर मशीन सुरू होत नसलं की तू शेजारच्याला काय सांगतोस?"

"दार नीट लाव म्हणतो. दार लागल्याशिवाय मोटर फिरत नाही."

"मग तेच."

वर्गात सराव सुरू झाला. मॅडम गिऱ्हाईक व्हायच्या आणि मी सर्व्हिस. माझ्याबरोबर सुरतेहून आलेला एक जण होता, तो चटईवर पडून ऐकायचा. तिसऱ्या दिवशी उठून बसला आणि म्हणाला, "अबे, सकायपासून दार लावा, दार लावा लावून राह्यला तू. कोनाच्या घरी चोर शिरला का?" तेव्हापासून मी बोलायला लागलो की बाकीचे वर्गाचं दार लावून घ्यायचे.

बोलणं जमेल असं वाटत होतं. भीती दुसरीच होती. प्रत्येक फोननंतर मोबाइलवर एक फॉर्म भरायचा असायचा. गिऱ्हाइकाचं नाव, गाव, मशीन कोणतं, बिघाड काय, काय सांगितलं, सुटला की नाही. मला वाचता येतं, लिहिताही येतं, पण टाइप करायचं म्हणजे एकेक अक्षर शोधायचं. पहिल्या दिवशी अकरा फोन घेतले आणि फॉर्म भरले दोन. दुसऱ्या दिवशी तीन. बाकीच्या चौघांचे सगळे भरलेले असायचे. मी मॅडमना सांगितलं की रेंज जाते, म्हणून फॉर्म पुढं सरकत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तू असं कर. फॉर्म राहू दे. फोन झाला की मला बोलून पाठव. काय झालं ते तुझ्या भाषेत. मी भरून घेईन कुणाकडून तरी."

मी बोलून पाठवायला लागलो. "साताऱ्याच्या आजी, मशीन सुरू होत नव्हतं, दाराला फडकं अडकलं होतं, काढलं, चालू झालं, आजीनं आशीर्वाद दिला." भरणारी कुणीतरी मुलगी असेल असं मी धरून चाललो होतो. तिला त्रास नको म्हणून हळू बोलायचो.

शाळेतून सुटून घरी आलो तेव्हा मॅडमनी एक मशीन पाठवलं. त्यांचं म्हणणं असं, की मी अडखळतो तेव्हा माझे हात काहीतरी शोधत असतात, ते त्यांना फोनवर कळतं. पशुखाद्याचा एक ट्रक आमच्या बाजूला निघाला होता, त्यात त्यांनी गोदामातलं एक मशीन चढवायला लावलं. ड्रायव्हरनं ते आमच्या फाट्यावर उतरवून दिलं. आई आणि मी हातगाडीवर घालून घरी आणलं. त्यावर कागद चिकटवलेला होता. 'कंपनीची मालमत्ता. फक्त प्रशिक्षणासाठी.' घरात रेंज नव्हती, ती ओसरीवरच्या खांबापाशी यायची. म्हणून मशीन तिथं ठेवलं, त्याच्या बाजूला खुर्ची, आणि माझं ऑफिस सुरू झालं.

कंपनीनं आमचा उत्साह टिकावा म्हणून मोबाइलवर एक गट काढला होता. त्यात सकाळी उगवत्या सूर्याचं चित्र यायचं आणि खाली 'आपण एक कुटुंब आहोत'. सोमवारी एक सर सगळ्यांना हसायला शिकवायचे. हात वर करून, पोटातून. मी ओसरीवर हात वर करून हसत होतो तेव्हा आई चुलीपासून उठून आली. "काय झालं रे? एकटाच काहून हासून राह्यला?"

"ऑफिसचं काम हाय."

तिनं दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगितलं की पोराला कंपनी हसायचा पगार देते.

त्या सरांबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्यांनाही कुणीतरी ते काम दिलं असेल. पण माझा दिवस सुरू व्हायचा तो साडेनऊच्या फोनवर. मॅडम तीन गोष्टी विचारायच्या, नेहमी त्याच क्रमानं. लाईन, म्हणजे वीज, आहे का, रेंज आहे का, जेवलास का. एखाद्या दिवशी लाईन नाही म्हटलं तर माझे फोन दुसऱ्याकडं वळवायच्या आणि त्याबद्दल पुन्हा बोलायच्या नाहीत. आजवर कामावर मला कुणी जेवलास का असं विचारलं नव्हतं. ते विचारल्यामुळं मी काम जास्त केलं का, ते मला सांगता येणार नाही. साडेनऊला मी अंघोळ करून, शर्ट घालून बसलेला असायचो, एवढं खरं. फोनवर शर्ट दिसत नाही.

शुक्रवारी मॅडम माझ्याकडून एक वेगळं काम घ्यायच्या. बिघाड आवाजावरून ओळखता येतो, जाळी बुजली की मशीन घोगरं बोलतं, पातं ढिलं झालं की टकटक करतं. लाइनीवर आम्हाला ते सवयीनं कळायचं. फोनवरच्या मुलींना कळत नव्हतं. म्हणून शुक्रवारी सगळे फोनवर जमायचे आणि मी माझं मशीन मुद्दाम बिघडवून सुरू करायचो. "हा कशाचा आवाज?" मॅडम विचारायच्या. मुली ओळखायच्या, चुकायच्या, हसायच्या. पाच जणांत मशीन फक्त माझ्याकडं होतं. त्या एका तासात मला वाटायचं की आपलं नाव यादीत जाणार नाही.

आता गावाचं सांगतो. मे महिन्यात गावच्या चक्कीवाल्याच्या घरात एकाला लागण झाली, घराला बांबू लावले आणि चक्की बंद झाली. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, विहाराच्या मागं. पहिल्यांदा आमच्याच गल्लीतल्या बाया डबे घेऊन आल्या. मी आईला कागद दाखवला.

"हे कंपनीचं हाय, मा. लोकाचं दयन नाई करता येत."

"आपल्या ओसरीत मशीन हाये, अन् लोकं गहू शिजवून खाऊन राह्यले."

"कागदावर लिवलंय."

"कागद काय म्हनते ते तू वाच. मले शेजारीन काय म्हनते ते आयकू येते."

दळण सुरू झालं. मी फोनवर नसेन तेव्हा मी दळायचो, असेन तेव्हा आई. मॅडमना मी काही बोललो नाही. दोन-चार डबे, त्यात काय सांगायचं, असं मनाला समजावलं. दर शुक्रवारच्या आधी मी मशीन पुसून ठेवायचो, पीठ दिसू नये म्हणून.

मग एक दिवस वरच्या आळीतल्या काकू आल्या. त्यांच्या शेतात आई निंदायला जायची. काम असलं की त्या रस्त्यात उभ्या राहून हाक मारायच्या आणि आई बाहेर जायची. आमच्या ओसरीवर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्या डबा घेऊन खाली उभ्या राहिल्या.

"काव बाई, तुह्या पोराची चक्की म्हनते लय बारीक दयते."

"बसा न, काकू. उभ्या काहून?"

काकू बसल्या. आईनं चहा केला. त्यांनी घेतला. कप परत ठेवताना म्हणाल्या, "साखर कमी टाकत जाय, सध्या भेटत नाई." आई हसली. ते सगळं दहा मिनिटांत झालं.

त्या गेल्यावर मी म्हटलं, आता हे वाढेल, थांबवायला पाहिजे. आई म्हणाली, "एवढ्या वरसांत पयल्यांदा बसली ते इथं. आता तिले वापस लावू का मी, तुह्या कागदापायी?" त्या आठवड्यात वरच्या आळीतल्या आणखी चार-पाच जणी आल्या. सगळ्या बसल्या.

आमच्याकडं गव्हात मूठ-दोन मुठी सोयाबीन टाकायची पद्धत आहे. पोळी मऊ होते म्हणतात. मूठभरानं मशीनचं काही बिघडत नाही. पण त्या वर्षी घराघरांत सोयाबीन पडून होतं आणि गहू संपत आला होता, त्यामुळं मुठीचं माप सुटलं होतं. सोयाबीन म्हणजे तेलबी. दळताना तेल सुटतं, जाळी बुजते, मोटरीवर ताण येतो. मग मशीन स्वतःच बंद पडतं. मागच्या बाजूला लाल बटण असतं. वीस मिनिटं थांबायचं, मोटर थंड होऊ द्यायची, जाळी साफ करायची आणि मग ते बटण दाबायचं. हे मी दिवसातून दहा वेळा सांगत होतो.

त्या मंगळवारी मी खांबाला टेकून सांगलीच्या एका बाईंशी बोलत होतो. "ताई, तेलकट काही टाकू नका. तीळ, शेंगदाणे, जवस, काहीच नको." माझ्या पाठीमागं आई काकूंचं दळण घालत होती. मशीन बंद पडलं, सुरू झालं, पुन्हा बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. मला ऐकू येत होतं, पण फोन सोडता येत नव्हता. मग वास आला. वळून बघितलं तर मशीनच्या मागून धूर निघत होता आणि आई पदरानं वारा घालत होती.

"काय टाकलं होतं?"

"गहू."

"अन्?"

"अन् सोयाबीन. अर्धा डबा असन."

"अव माय, सोयाबीन तेलकट राह्यते!"

"कुठी तेलकट? हातात घेऊन पाह्य. कोरडं ठाक हाये."

"अन् बंद पडलं तवा थांबली काहून नाई?"

"तूच त सांगते लोकाहिले रोज, लाल बटन दाबा, लाल बटन दाबा. म्या सात खेपा दाबलं."

वीस मिनिटं थांबायचं, हेही ती रोज ऐकत होती. पण काकू बसलेल्या होत्या आणि त्यांना वीस मिनिटं ताटकळत ठेवणं आईला बरं वाटलं नाही.

मशीन उघडलं. मोटरीची तार काळी पडली होती. तालुक्याला, मालेगावात, सगळं बंद होतं. जऊळक्याला मोटरी भरून देणारा एक जण होता, त्याला फोन केला. तो म्हणाला, "एवढी बारीक वाइंडिंग माह्याच्यानं होत नाई, बावा. विहिरीची मोटर असन त सांगजो."

जून अर्धा गेला होता. मी ठरवलं की कुणाला काही सांगायचं नाही. फोन तर बंद मशीनसमोर बसूनही घेता येत होते. हात लावून बघायचं, कुठं काय आहे ते सांगायचं. प्रश्न शुक्रवारचा होता. शुक्रवारी मॅडम म्हणाल्या, "हं, कर सुरू." मी म्हटलं, "लाईन नाही, मॅडम." डोक्यावर पंखा फिरत होता. त्याचा आवाज जाऊ नये म्हणून मी फोनवर हात धरला. मॅडम बाकीच्यांना म्हणाल्या, "त्याच्याकडे भारनियमन फार आहे. एवढ्या अडचणीत काम करतो तो, लक्षात ठेवा." मला ते नको होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढं त्यांनी सांगितलं, की येत्या शुक्रवारी मोठे साहेब स्वतः फोनवर असणार आहेत. आवाजाचा तास त्यांना ऐकायचा आहे. त्यानंतर ते पाच जणांचं ठरवतील.

तो आठवडा मी नीट जेवलो नाही. आई रोज विचारायची, काय झालं, आणि तिला माहीत होतं काय झालं ते. तिनं दळणाला येणाऱ्यांना सांगून टाकलं होतं की मशीन कंपनीनं बंद ठेवायला लावलं. कंपनीला ते माहीत नव्हतं. माझी आकडेमोड अशी चालली होती, की शुक्रवारीही लाईन गेली म्हणायचं, साहेब काय मेडशीला येऊन बघणार आहेत का. मग वाटायचं, सलग दोन शुक्रवार, तेही त्याच वेळेला. मग वाटायचं, सांगितलं तर आजच संपलं. अशी तीन दिवस.

गुरुवारी साडेनऊला फोन आला. लाईन आहे का? आहे. रेंज आहे का? आहे. जेवलास का?

"मॅडम, मशीन जळालं."

"केव्हा?"

"मागच्या मंगळवारी."

त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे शुक्रवारी लाईन होती."

"होती."

दुसरी शिट्टी झाली. मी वाट बघत होतो.

"धान्य काय होतं?"

"गहू अन् सोयाबीन. गल्लीतलं दळण होतं. आई दळत होती. चूक माझी हाय, मॅडम, मी दळू दिलं." मी त्यांच्याशी जपून शहरी बोलायचो, तेव्हा तेही सुटलं.

"आईंना काही झालं नाही ना? शॉक वगैरे?"

"नाही."

"हात भाजला नाही?"

"नाही."

"बरं. आज फोन घे. उद्याचं उद्या बघू." आणि त्यांनी ठेवला.

शुक्रवारी सगळे जमले. साहेबांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तो वाटला होता त्यापेक्षा बारीक होता. मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं, की आज आवाजाचा तास होणार नाही, कारण मशीन जळालं आहे. साहेबांनी विचारलं, कसं काय. मॅडम म्हणाल्या, "मीच त्याला गल्लीचं दळण घ्यायला सांगितलं होतं. आपलं मशीन खेड्यात रोज किती तास चालू शकतं ते मला बघायचं होतं. सोयाबीनचं मिश्रणही मीच टाकायला लावलं. अंदाज चुकला."

"लेखी परवानगी कुणाची घेतली होती?"

"कुणाची नाही. माझी जबाबदारी."

"प्रशिक्षणाचं मशीन होतं ना ते?"

"हो."

साहेबांनी माझं नाव घेतलं. "हे बरोबर आहे का? तुला तसं सांगितलं होतं?"

मी मान हलवली. रेंज वाचवायला मी कॅमेरा बंद ठेवला होता, त्यामुळं ती कुणाला दिसली नाही. साहेब म्हणाले, "ऐकू येत नाही."

"हो, सर," मी म्हटलं.

आई चौकटीत उभी राहून ऐकत होती. ती आत निघून गेली.

पाचांतले तिघं राहिले. त्यात मी होतो. जे दोघं गेले त्यांचे फॉर्म वेळेवर भरलेले असायचे, हेही मला माहीत आहे.

पंधरा दिवसांनी नवी मोटर पार्सलनं आली आणि ती मी बसवली. मशीन बाहेरच्या धान्याला वापरायचं नाही, असं साहेबांचं पत्र आलं होतं. मॅडमनी आईला फोनवर बोलावून घेतलं आणि लाल बटणाचं तिला स्वतः समजावून सांगितलं, अजिबात न रागावता. आईनं सगळं ऐकलं आणि शेवटी विचारलं, "बाई, तुमी कोनत्या गावच्या?" त्यांनी सांगितलं. "मंग इतक्या लांबून तुमी याले सांभाळून राह्यल्या," आई म्हणाली. मॅडम काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. तोवर गावची चक्की सुरू झाली होती. काकू पुन्हा ओसरीवर आल्या नाहीत. काम असलं की रस्त्यातून हाक मारायच्या.

दिवाळीनंतर मी पुण्याला परतलो, तो लाइनीवर नाही, सर्व्हिस खात्यात. तिथं संगणकावर जुने फॉर्म बघायला मिळतात. एकदा माझ्या त्या महिन्यांतले फॉर्म उघडले. प्रत्येकाखाली भरणाऱ्याचं नाव असतं. सगळ्यांखाली मॅडमचं नाव होतं. दुपारी दोन ते चार, रोज. मुलगी-बिलगी कुणी नव्हती. साताऱ्याच्या आजींचा फॉर्म सापडला. 'दारात अडकलेलं फडकं काढल्यावर मशीन सुरू. ग्राहक समाधानी.' आशीर्वादाचं त्यांनी लिहिलं नव्हतं, त्याला रकाना नव्हता.

त्यानंतरच्या वर्षी आमच्या विभागाच्या प्रमुखाची जागा निघाली. ती मॅडमनाच मिळणार असं सगळे धरून होते. मिळाली दुसऱ्याला, त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी लहान माणसाला. पॅकिंगमधला एक जण चहा पिताना मला म्हणाला, "तुझ्या त्या मशीनमुळं गेली बाईंची जागा, ठाऊक आहे ना? फायलीत शेरा आहे. कंपनीच्या वस्तूचा विनापरवाना वापर." मला ठाऊक नव्हतं. मी चहा अर्धा टाकून उठलो, तर तो म्हणाला, "आता तू कुठं पळतोस? तुझी तर राहिली ना नोकरी."

मी मॅडमकडं गेलो. त्या जेवणाचा डबा उघडत होत्या.

"मॅडम, ते मेडशीचं मशीन…"

"कुठलं?" त्या म्हणाल्या. "ते केव्हाच भंगारात गेलं. तू जेवलास का?"

मी जेवलो म्हणालो आणि जाग्यावर येऊन बसलो.

आता मी फॉर्म स्वतः भरतो. हळू भरतो, पण भरतो. आई गावाला आहे, मी इथं. पगार झाला की सकाळीच तिच्याकडं पाठवतो आणि तो पोचला का म्हणून दोनदा फोन करतो. कंपनीत माणसं कमी करणार अशी आवई उठली की अजून मला घास जात नाही. म्हणूनच इतकी वर्षं मी गप्प राहिलो. दुसरं कारण शोधून सापडत नाही.

मॅडम पुढच्या वर्षाअखेर निवृत्त होतील. त्या दिवशी हार, नारळ, शाल असेल, आणि ज्याला बोलायचं तो बोलेल. तेव्हा सांगणं सोपं आहे, कारण त्याचा त्यांना काही उपयोग नसेल. ते मी करणार नाही. त्यांना अजून एक बढती घेता येईल एवढा वेळ हाताशी असतानाच मी साहेबांच्या खोलीत जाणार आहे. कॅमेरा नाही, फोन नाही, समोर उभा राहून. मशीन कुणाच्या सांगण्यावरून चाललं नव्हतं, दळण आमचं होतं, आणि त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो, एवढं सांगणार आहे, आणि तो शेरा त्यांच्या फायलीतून काढून माझ्या फायलीत घाला म्हणणार आहे. पुढं माझं काय होईल ते मला माहीत नाही. हा शब्द मी मॅडमना तोंडी दिलेला नाही, दिला तर त्या थांबवतील. म्हणून इथं लिहून देतो.